न धाडलेली पत्रे

महाराष्ट्रातील कित्येक शाळांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत पाऊल टाकताच नजरेस पडेल अशा जागी, काचेच्या चौकटीत बसवलेले एक पत्र टांगलेले आढळते. अब्राहम लिंकन याने आपल्या मुलाच्या गुरुजींना लिहिलेले पत्र म्हणून त्याची ख्याती आहे. वसंत बापटांच्या मराठीतून ते घरोघर पोहोचले, शिक्षकदिनाच्या सभांतून त्याचे वाचन होते, आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात ते भेटीदाखलही देण्यात येते. त्यातील उपदेश चांगला आहे याविषयी वाद नाही. अडचण एवढीच की, लिंकनच्या हातचा कागदन् कागद गोळा करून ज्या अभ्यासकांनी त्याच्या समग्र लेखनाचे खंड सिद्ध केले, त्यांच्या त्या खंडांत या पत्राचा मागमूसही नाही. जे पत्र त्याने लिहिल्याचा पुरावा नाही त्याच्यावरून आपण त्याला ओळखतो. जी पत्रे त्याने खरोखर लिहिली, परंतु धाडली नाहीत, ती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या दृष्टीस पडलेली असतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी राज्याचा कारभार ज्याच्या शिरावर आला अशा पुरुषाची पारख करावयाची, तर ती या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवरून करावी असे मला वाटते.

त्यांपैकी एका कागदावर 14 जुलै 1863 ही तारीख आहे. त्याच्या दहाअकरा दिवस आधी, जुलैच्या 1 ते 3 या तीन दिवसांत, पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या लहानशा गावाभोवती दोन्ही बाजूंची मिळून सुमारे पन्नास हजार माणसे ठार, जखमी, कैद वा बेपत्ता झाली होती आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली माघार घेत पोटोमॅक नदीच्या काठाशी येऊन अडकला होता. नदीला पूर आलेला, पूल मोडलेला, पाठीशी शत्रू; लीची उरलेली फौज येथेच गाठून युद्धाचा निकाल लावता येईल अशी लिंकनची खात्री होती. उत्तरेचा सेनापती जॉर्ज मीड याच्याकडे सेनापतिपदाची सूत्रे येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. 28 जूनला नेमणुकीचा हुकूम आणि तीन दिवसांनी ही लढाई, असा त्याचा प्रारंभ. त्याने हाताखालच्या सरदारांची मसलत बोलावली, बहुतेकांनी हल्ल्याविरुद्ध कौल दिला, आणि 13 तारखेच्या रात्री ली आपली फौज घेऊन नदीपार निसटला. लिंकन संतापला, व्यथित झाला. मुख्य सेनाधिकारी हॅलेक याने ही नाराजी तारेने मीडला कळवली आणि मीडने त्याच दिवशी उलट तारेने आपणास पदमुक्त करावे अशी विनंती केली.

ती विनंती वाचून लिंकन लिहावयास बसला. आरंभी त्याने गेटिसबर्गच्या विजयाबद्दल मनापासून आभार मानले आणि आपल्यामुळे मीडला किंचितही क्लेश झाले असल्यास खेद वाटतो असे नमूद केले. परंतु लेखणी जसजशी पुढे सरकू लागली तसतसे आभार मागे पडत गेले व हिशेब पुढे येत गेला. पूर ओसरेपर्यंत शत्रू हाताशी होता, तुमच्यापाशी ताजी कुमक येऊन पोहोचली होती, त्याला तशी मिळण्याचा संभव नव्हता, आणि तरीही तुम्ही त्याला जाऊ दिलेत. त्याला तेव्हाच गाठला असता तर युद्ध संपले असते, आता ते किती लांबेल याला सीमा राहिली नाही, असा तो सरळ, सप्रमाण आणि म्हणूनच जिव्हारी लागणारा मजकूर आहे. पत्र पुरे झाले, पाकिटात गेले. आणि त्या पाकिटावर लिंकनने स्वतःच्या हाताने नोंद केली की, हे जनरल मीड यास कधी पाठवलेले नाही व यावर सहीही केलेली नाही. मीडचा राजीनामा स्वीकारण्यात आला नाही. तो युद्धाच्या अखेरपर्यंत पोटोमॅकच्या फौजेचा सेनापती राहिला व 1872 साली वारला. पत्र लिंकनच्या दफ्तरात पडून राहिले.

चरित्रकार येथे क्षमाशीलतेचा गौरव करतात. मला तो गौरव अपुरा वाटतो, कारण वस्तुस्थिती तितकी गोंडस नाही. राग हॅलेकच्या तारेने आधीच पोहोचला होता. पोहोचला नाही तो त्या रागाचा मुद्देसूद हिशेब. आणि तो न पोहोचवण्यात दयेपेक्षा व्यवहार अधिक होता. मॅक्लेलन, बर्नसाइड, हूकर असे तीन सेनापती त्या एका फौजेने दोन वर्षांत पाहिले होते. चौथा विजयी होऊन दहा दिवसांत गेला असता तर त्याच्या जागी कोणाला बसवावे हा प्रश्न होता, आणि ज्या मनुष्याकडून उद्या काम करून घ्यावयाचे आहे त्याच्या हाती त्याच्या चुकीचा दाखला कायमचा देऊन ठेवणे हे कोणत्याही जाणत्या कारभाऱ्यास परवडणारे नव्हते. तरीही पत्र लिहिलेच का? माझा तर्क असा की, लिहिल्यावाचून त्याला स्वतःचे म्हणणे नीट कळत नसे. वकिलीत ज्याचे आयुष्य गेले त्याला कैफियत कागदावर उतरली म्हणजेच ती कितपत टिकेल याचा अंदाज येतो.

हा संयम त्याच्या अंगी उपजत होता असे मानण्याचे कारण नाही. तरुणपणी इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात तो पोस्टमास्तर होता आणि गावकऱ्यांची पत्रे आपल्या उंच टोपीत ठेवून फिरत असे. दुसऱ्याची पत्रे इतक्या निगुतीने पोहोचवणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची लेखणी मात्र त्या काळी फार बोचरी होती. 1842 साली जेम्स शील्ड्स या राज्याच्या हिशेबतपासनिसाची टवाळी करणारे एक पत्र त्याने खेडवळ बाईच्या टोपण नावाने वर्तमानपत्रात छापले, आणखी काहींनी त्यात भर घातली, आणि शील्ड्सने लेखकाचे नाव काढून घेऊन थेट द्वंद्वाचे आव्हान दिले. हत्यार निवडण्याचा हक्क लिंकनकडे आला. सहा फूट चार इंच उंचीच्या या मनुष्याने घोडदळाच्या लांब तलवारी निवडल्या, आणि इलिनॉयमध्ये द्वंद्वास बंदी असल्यामुळे उभय पक्ष मिसिसिपी नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात जाऊन उभे राहिले. मित्रांनी मध्यस्थी केली म्हणून प्रकरण मिटले. पुढे या प्रसंगाची आठवण कोणी काढलेली लिंकनला रुचत नसे. (याच शील्ड्सला 1861 साली लिंकनच्या सरकारने सैन्यात ब्रिगेडियर जनरल नेमले, हेही येथेच सांगून टाकावे.) त्या नदीकाठी उभे राहण्याची पाळी ज्याने आपल्याच शब्दांनी स्वतःवर आणली, त्याने शब्द लिहिणे आणि शब्द धाडणे यांत अंतर ठेवावयास शिकावे हे स्वाभाविक होते.

हे अंतर पुढे त्याच्या राज्यकारभाराचा शिरस्ताच बनले. नोव्हेंबर 1861 मधील एका रात्री तो परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड व चिटणीस जॉन हे यांना घेऊन सेनापती मॅक्लेलनच्या घरी गेला. सेनापती लग्नसमारंभास गेलेले होते. तासाभराने परत आले, राष्ट्राध्यक्ष दिवाणखान्यात बसले आहेत हे नोकराकडून कळूनही जिना चढून वर गेले, आणि थोड्या वेळाने निरोप आला की ते निजले. जॉन हे चरफडला व त्याने ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. लिंकनचे म्हणणे एवढेच पडले की सध्याच्या घटकेला मानापमानाचे मुद्दे न काढणे बरे. परंतु हाच मॅक्लेलन सप्टेंबर 1862 मध्ये अँटिटमच्या लढाईनंतर लीच्या पाठलागास निघेना, घोडे थकले आहेत, रसद नाही, अशा सबबी आठवड्यामागून आठवडे येत राहिल्या, तेव्हा लिंकनने नोव्हेंबरच्या आरंभी, निवडणुका उरकताक्षणी, त्याला बडतर्फ केले आणि तेही घरच्या प्रसंगाचा उल्लेखही न करता. हूकरच्या बाबतीत तर त्याने पत्र लिहिले व धाडलेही: देशाला आता हुकूमशहा हवा असे आपण बोलल्याचे मी ऐकले आहे, परंतु यश मिळवणारे सेनापतीच हुकूमशाही स्थापू शकतात, तेव्हा आपण यश मिळवावे, हुकूमशाहीची जोखीम मी पत्करतो, असा त्याचा आशय होता. कोणते पत्र धाडावे आणि कोणते ठेवून द्यावे हा विवेक येथे दिसतो. हूकरला ते नेमणुकीच्या वेळी, मोहिमेपूर्वी, उपयोगी पडेल अशा क्षणी मिळाले. मीडच्या पत्रातील मजकूर कितीही खरा असला तरी ली नदीपार गेलेला होता.

आता त्या कागदाकडे वळतो, जो बराच काळ अडवून ठेवला गेला आणि ज्याच्याविषयी माझे मन अद्याप पूर्णपणे निःशंक नाही. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी तारयंत्र नव्हते. लिंकन दिवसातून अनेकदा शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीतील तारकचेरीत जाऊन बसे. त्या कचेरीच्या एकर्ट नावाच्या अधिकाऱ्याने पुढे सांगितले की, 1862 च्या उन्हाळ्यात लिंकनने एकदा त्याच्याकडून कागद मागून घेतले, खिडकीशी बसून चार शब्द लिहावे, बाहेर पाहावे, पुन्हा थोडे लिहावे असा क्रम अनेक दिवस चालवला, आणि उठताना कागद कुलपात ठेवण्यासाठी एकर्टच्याच स्वाधीन करीत गेला. तो गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा होता. 22 जुलैला तो मंत्रिमंडळापुढे वाचला गेला. स्यूअर्डने सल्ला दिला की पराभवामागून पराभव होत असता हा जाहीरनामा काढल्यास जगाला ती बुडत्याची आरोळी वाटेल, तरी एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे. मसुदा पुन्हा दप्तरात गेला. तो तेथे पडलेला असतानाच, ऑगस्टच्या 22 तारखेस, होरेस ग्रीली या संपादकाला जाहीर उत्तर देताना लिंकनने लिहिले की, आपले मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर तसे करू, सर्वांना मुक्त करून साधत असेल तर तसेही करू.

या उत्तराने अनेकांना फसवले, आणि आजही फसवते. कोणी त्यावरून म्हणतो की लिंकनला गुलामगिरीचे सोयरसुतक नव्हते. कोणी उलट त्या गुप्त मसुद्याकडे बोट दाखवून त्याला द्रष्टा ठरवतो. माझ्या मते दोन्ही निवाडे घाईचे आहेत. अँटिटमनंतर 22 सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला, 1863 च्या पहिल्या जानेवारीस अंतिम. तोही बंडखोर मुलखापुरता, आणि डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिसूरी ही गुलामगिरी चालू असलेली परंतु संघराज्याशी निष्ठावंत राहिलेली चार राज्ये त्यातून वगळलेली. केंटकी फुटून दक्षिणेस मिळाले असते तर ओहायो नदीपर्यंतचा मुलूख शत्रूच्या हाती गेला असता, हा हिशेब खोटा नव्हता. पण थांबण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला गेला हेही पाहिले पाहिजे. मीडला पत्र न धाडल्याने जे सोसावे लागले ते लिंकनला सोसावे लागले. जाहीरनामा न धाडल्याने जे सोसावे लागले ते मळ्यांतील माणसांनी सोसले. आणि ती माणसे काही वाट पाहत बसली नव्हती. मे 1861 मध्येच तीन गुलाम रात्री होडीने व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर उत्तरेच्या फौजेकडे पळून आले होते. मालकाने परत मागितले तेव्हा तेथील अधिकारी बटलर, जो मूळचा वकील, त्याने ते शत्रूच्या युद्धकार्यात वापरले गेलेले जप्तीस पात्र असे द्रव्य आहे या सबबीवर परत देण्याचे नाकारले. जंगम मालमत्तेच्या भाषेतच का होईना, मुक्तीचे दार तेथे किलकिले झाले, आणि त्यातून हजारो लोक आत आले. लिंकनच्या मसुद्याला पुढे जो वाव मिळाला तो या पळून आलेल्यांनी निर्माण केला होता.

पुढे काळ्या सैनिकांची भरती झाली. युद्धाअखेर त्यांची संख्या सुमारे 1,80,000 भरली. गोऱ्या शिपायास दरमहा तेरा डॉलर, काळ्यास दहा, व त्यांतूनही कपड्यांपोटी तीन कापून. ऑगस्ट 1863 मध्ये स्वतः पूर्वीचा गुलाम असलेला फ्रेडरिक डग्लस हा गाऱ्हाणे घेऊन लिंकनला भेटला. लिंकनने ते ऐकून घेतले आणि थांबण्यास सांगितले: लोकांच्या पूर्वग्रहाला एवढी सवलत देणे भाग पडले आहे, शेवटी वेतन समान होईल. ते झाले, जून 1864 मध्ये. मधल्या काळात मेले ते सात डॉलरांवर मेले. 1876 साली लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी, खुद्द राष्ट्राध्यक्षांसमोर, डग्लसने जे भाषण केले त्यात त्याने दोन मापे मांडली: गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या मापाने मोजला तर हा मनुष्य मंद, थंड व उदासीन भासतो, आणि ज्या देशाच्या भावनेची दखल घेणे राजपुरुष या नात्याने त्याला बंधनकारक होते त्या देशाच्या मापाने मोजला तर तोच वेगवान, आवेशी व निश्चयी दिसतो. मोठ्या पुरुषांविषयीच्या अनावरणाच्या भाषणांत इतका प्रामाणिकपणा मी अन्यत्र वाचलेला नाही. यांपैकी एकच माप उचलून दुसरे खाली ठेवण्याचा अधिकार आपणास नाही, निदान मळ्यात न राबलेल्यांना तर नाहीच.

आपल्याकडे या युद्धाचे पडसाद दोन वेगळ्या वाटांनी आले, आणि दोहोंचा मेळ बसवणे कठीण आहे. लिंकनने एप्रिल 1861 मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला व मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅकबे भरून काढण्याच्या योजनेचे भाग हातोहात चढत गेले, प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर पेढ्या चालू लागल्या, आणि 9 एप्रिल 1865 रोजी ली शरण आल्याची बातमी येऊन थडकताच सारा डोलारा कोसळला. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर हे त्या पैशाचे आजही उभे असलेले स्मारक आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी चाललेले युद्ध कधी संपू नये अशी मनोमन प्रार्थना करणारे लोक त्या वेळी मुंबईत असतील, तर त्याचे नवल वाटू नये.

दुसरी वाट पुण्याची. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा तिची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील सज्जन लोकांच्या नावे लिहिली. निग्रो गुलामांच्या कार्यी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी गिरवावा, ही इच्छा त्यांनी तेथे प्रकट केली. तीत नाव लोकांचे आहे, लिंकनचे नाही. हा योगायोग असेल. पण ज्या ग्रंथकर्त्याने जन्मभर दास्यमुक्तीचे काम राजाज्ञेच्या वाटेकडे डोळे लावून न बसता केले, त्याला श्रेय कोणाकडे जाते हे अचूक उमगले असावे असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

लिंकनची लेखणी नेहमीच आवरलेली होती असाही समज होऊ नये. नागरिकास अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा जो हक्क, तो त्याने एप्रिल 1861 मध्ये प्रथम फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या मार्गापुरता आणि पुढे व्यापक प्रमाणावर तहकूब केला. सरन्यायाधीश टॅनी याने तो अधिकार संसदेचा आहे असा निर्णय दिला तरी तो मागे घेतला नाही. एक कायदा पाळण्यासाठी बाकीचे सगळे कायदे मोडू द्यावयाचे काय, असा उलट प्रश्न त्याने संसदेपुढे टाकला. प्रश्न बिनतोड आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. पुढे अनेक देशांतील अनेक सत्ताधीशांनी असेच प्रश्न विचारले, आणि आणीबाणी पाहिलेल्या आपल्या वाचकांना त्यांचा सूर अनोळखी वाटणार नाही. लिंकनच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे, ती 1864 च्या निवडणुकीची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट याची फौज व्हर्जिनियात हजारोंनी माणसे गमावीत होती, दुसरा सेनापती शर्मन ॲटलांटाबाहेर अडला होता, आणि स्वपक्षीयच लिंकनला सांगू लागले होते की तुम्ही हरणार. यादवी युद्ध चालू आहे, निवडणूक पुढे ढकला, असे म्हणण्यास याहून सोयीची सबब मिळाली नसती. 23 ऑगस्टला त्याने एक लहानसे टिपण लिहिले, कागद घडी घालून चिकटवला, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत आत काय आहे ते न सांगता प्रत्येक मंत्र्याची पाठीमागे सही घेतली. सातही जणांनी ती न वाचता केली. आत असे होते की, हे सरकार पुन्हा निवडून येण्याचा संभव फार थोडा दिसतो. तसे झाल्यास निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचे अधिकारग्रहण यांमधील काळात त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणे हे माझे कर्तव्य राहील, कारण ज्या भूमिकेवर तो निवडून आलेला असेल त्या भूमिकेमुळे नंतर त्याला ते वाचवता येणार नाही. आणि तो नवा अध्यक्ष होण्यास उभा असलेला मनुष्य म्हणजे जिना चढून निजावयास गेलेला मॅक्लेलन. दहा दिवसांत ॲटलांटा पडले, वारे फिरले, नोव्हेंबरात मतदारमंडळाची 212 मते लिंकनला व 21 मॅक्लेलनला पडली. छावण्यांत मत देणाऱ्या शिपायांनी तर आपल्या जुन्या लाडक्या सेनापतीस सोडून लिंकनलाच भरघोस कौल दिला. मग 11 नोव्हेंबरला त्याने तो कागद मंत्र्यांसमोर उघडवला. न धाडलेल्या त्याच्या साऱ्या कागदांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे त्याने राग नव्हे, स्वतःची गादी जाण्याची शक्यता पाकिटात घातली होती आणि तिच्यावर साक्षीदारही घेतले होते.

14 एप्रिल 1865 च्या रात्री फोर्डच्या नाट्यगृहात त्याला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी प्राण गेला. त्या वेळी त्याच्या खिशांत जे होते ते घरच्यांनी जपून ठेवले, आणि आज ते वॉशिंग्टनच्या संसद-ग्रंथालयात आहे: दोन चष्मे, त्यांपैकी एकाची काडी दोऱ्याने बांधून सांधलेली, एक चाकू, एक रुमाल, पैशाच्या पाकिटात दक्षिणेच्या बुडालेल्या सरकारची पाच डॉलरची एक नोट, आणि वर्तमानपत्रांतून कापून घेतलेली, घड्या घालून ठेवलेली काही कात्रणे, ज्यांतील कित्येकांत त्याची स्तुती केलेली आहे.